शब्द माहीत असणं आणि शब्द हाताशी असणं: इंग्रजी शब्दसंग्रहाचा पुढचा टप्पा

इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या माणसाची एक ठरावीक अडचण असते. बातमी वाचली की कळते, समोरच्याचं बोलणं समजतं, कामापुरता मेलही लिहिता येतो. पण स्वतः लिहायला किंवा बोलायला लागलं की तेच ते पंधरा-वीस शब्द फेर धरतात: 'गुड', 'इम्पॉर्टंट', 'प्रॉब्लेम', 'इन्क्रीज', 'व्हेरी'. डोक्यातला विचार नेमका असतो, कागदावर उतरतो तो ढोबळ. मग तो अवघड शब्दांची एखादी यादी शोधतो, 'लक्वेशस', 'ऑब्स्ट्रेपरस', 'पल्क्रिट्यूड' असे शब्द घोकतो आणि महिन्याभरात त्यातले बहुतेक विसरतो. जे लक्षात राहतात, ते वापरायची वेळच येत नाही.

यात दोष स्मरणशक्तीचा नसतो, यादीचा असतो. 'अ‍ॅडव्हान्स्ड' शब्दसंग्रह म्हणजे दुर्मिळ शब्दांचा साठा, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. या टप्प्यावर दोन गोष्टी लागतात. एक, मधल्या पट्ट्यातले काही हजार शब्द, म्हणजे गप्पांमध्ये फारसे न येणारे पण गंभीर लिखाणात सारखे भेटणारे. दुसरी, जे शब्द आधीच तोंडओळखीचे आहेत त्यांची पक्की ओळख. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि नेमकं तिच्याकडेच दुर्लक्ष होतं.

किती शब्द पुरतात?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली. वापरात असलेल्या १,७१,४७६ शब्दांच्या पूर्ण नोंदी तिच्यात आहेत. आकडा ऐकून छाती दडपते, पण तो आपल्या कामाचा नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा सुशिक्षित माणसांनाही साधारण २०,००० शब्दकुटुंबंच माहीत असतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शब्दकुटुंब म्हणजे एका शब्दाचं सगळं गणगोत. 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'अनडिसायडेड' हे सगळे मिळून एक कुटुंब.

या शब्दांचा वापरही सारखा होत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि नेल्सन फ्रान्सिस यांनी छापील इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा नमुना गोळा करून संगणकावर मोजला. त्यातला निम्मा मजकूर अवघ्या १३५ शब्दांनी व्यापलेला निघाला. एकट्या 'द'चा वाटा सुमारे ७ टक्के. दुसऱ्या टोकाला, त्या नमुन्यात जे वेगवेगळे शब्द आले त्यांतले जवळपास निम्मे सबंध दहा लाखांत फक्त एकदाच आले होते.

थोडक्यात, पहिले दोन हजार शब्द इतके वारंवार येतात की ते न शिकताही अंगवळणी पडतात, आणि शेवटचे कित्येक हजार इतके विरळ येतात की ते शिकून हाती फारसं लागत नाही. मेहनत करायची ती या दोन टोकांच्या मधे. न्यूझीलंडमधले भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र शब्दकोशाशिवाय वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात, आणि बोलणं समजायला ६,००० ते ७,०००. मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील तर अडखळत न थांबता वाचता येतं, हे त्यामागचं गृहीत.

अठ्ठ्याण्णवच का? पंच्याण्णव टक्के ओळखीचे असतील तर काय बिघडतं? तीनशे शब्दांचं एक पान समोर धरा. ९५ टक्के शब्द कळत असतील तर त्या पानावर १५ शब्द अनोळखी राहतात, जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या ओळीत एक. ९८ टक्क्यांना ते फक्त ६ उरतात. पंधरा अडथळे असले की शेजारच्या शब्दांवरून अर्थ ताडायला जावं तर शेजारचाच शब्द अनोळखी निघतो. सहा अडथळ्यांना मात्र भोवतालचं वाक्य हात देतं. म्हणून तीन टक्क्यांचा हा फरक दिसायला छोटा असला तरी वाचनाचा आनंद आणि वाचनाचं ओझं यांच्यातली रेघ तिथेच पडते. पुस्तक निवडतानाही हे गणित उपयोगी पडतं. पानात पाच-सहापेक्षा फार जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच विषयावरचं सोपं पुस्तक घ्या. यात कमीपणा काही नाही.

कोणते शब्द आधी घ्यायचे हे तुम्ही काय वाचता यावर ठरतं. न्यूझीलंडच्याच अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये शैक्षणिक लिखाणात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी तयार केली. 'अ‍ॅसेस', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट', 'इंटरप्रिट', 'अ‍ॅम्बिग्युअस' अशा शब्दांची. शैक्षणिक मजकुरातला दर दहावा शब्द या यादीतला असतो. पण कथा-कादंबऱ्यांत हेच प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली जातं. विद्यापीठात शिकणाऱ्याला ही यादी म्हणजे घबाड, आणि केवळ कादंबऱ्यांसाठी इंग्रजी वाचणाऱ्याला तिचा उपयोग बेताचाच. सगळ्यांसाठी एकच यादी असू शकत नाही ती यामुळे.

एक शब्द, जवळून

आता मुख्य मुद्दा. 'शब्द येतो' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय येत असतं?

'इन्कर' हा शब्द घेऊ. शब्दकोशात अर्थ मिळतो: ओढवून घेणे. वहीत लिहिला, पाठ झाला, संपलं असं वाटतं. पण या शब्दानं वाक्य करायला बसा, आणि बघा किती गोष्टी अजून माहीत नाहीत. काय ओढवून घेता येतं? तोटा, खर्च, कर्ज, दंड, कुणाचा तरी रोष. म्हणजे 'इन्कर लॉसेस', 'इन्कर एक्स्पेन्सेस', 'इन्कर अ पेनल्टी', 'इन्कर समवन्स रॉथ'. नफा कधी 'इन्कर' होत नाही. या क्रियापदाला कर्म लागतंच, नुसतं 'ही इन्कर्ड' म्हणून थांबता येत नाही. शब्दाचा जोर दुसऱ्या भागावर, म्हणजे 'कर'वर, पडतो, आणि म्हणूनच भूतकाळी रूपात शेवटचा 'आर' दोनदा येतो. तो येतो हिशेबाच्या अहवालात, करारात, बातमीत. मित्राशी गप्पा मारताना 'आय इन्कर्ड अ लॉस' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा ताळेबंद वाचून दाखवतोय. तिथे 'आय लॉस्ट मनी' हेच बरोबर.

अर्थ, उच्चार, व्याकरण, सोबतचे शब्द, कुठे चालतो आणि कुठे नाही, या सगळ्याची ओळख झाली की तो शब्द तुमचा झाला. नुसता अर्थ माहीत असणं ही त्यातली पहिली पायरी. बहुतेक शिकणारे तिथेच थांबून पुढच्या शब्दाकडे जातात, आणि म्हणूनच वहीत हजार शब्द असूनही लेखणीत पंधरा-वीसच राहतात.

सोबतीचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्याकडे तहान भागते, शंका फिटते, ताप उतरतो, पूर ओसरतो, राग निवळतो. क्रिया पाहिली तर सगळीकडे एकच, काहीतरी होतं ते कमी झालं. पण 'माझी शंका ओसरली' किंवा 'ताप फिटला' असं कुणी म्हणालं तर कान लगेच टवकारतात. पाऊस मुसळधार आणि वारा सोसाट्याचा. हे नियम आपल्याला कुणी शिकवले नाहीत, ऐकून ऐकून बसले. इंग्रजीतही अगदी हेच चालतं. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. तहान 'क्वेंच' करतात, भीती किंवा शंका 'अले' करतात, वेदना आणि दारिद्र्य 'अलीव्हिएट' करतात, धोका आणि दुष्परिणाम 'मिटिगेट' करतात, मनातली अपराधी भावना 'असवेज' करतात. पूर, ताप आणि राग मात्र तिन्ही आपसूक 'सबसाइड' होतात. द्विभाषिक शब्दकोशात या सगळ्यांसमोर 'कमी करणे', 'शमवणे', 'कमी होणे' एवढंच सापडेल. शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटलं होतं. शब्दांच्या या संगतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात.

संगतीतून शब्दाला रंगही चढतो. आपण भ्रष्टाचार बोकाळला म्हणतो, वाचनसंस्कृती बोकाळली असं म्हणत नाही, कारण 'बोकाळणे' या शब्दाला वाईटाचा वास आहे. पसरणे आणि बोकाळणे यांत हाच फरक. बर्मिंगहॅम विद्यापीठातले जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्यक्ष वापरातली लाखो इंग्रजी वाक्यं संगणकावर तपासली, तेव्हा त्यांना दिसलं की 'सेट इन' या साध्या क्रियापदाचा कर्ता जवळपास नेहमी नकोसाच असतो: सडणं, निराशा, कडाक्याची थंडी, आजारातली गुंतागुंत. 'हॅपिनेस सेट इन' व्याकरणात बसतं, कानाला मात्र खटकतं. 'कॉज' या क्रियापदाचंही असंच. अपघात, नुकसान, विलंब 'कॉज' होतात; यश 'कॉज' झालं असं सहसा कुणी लिहीत नाही. असे रंग अर्थाच्या एका ओळीत मावत नाहीत. ते पाच-सहा उदाहरणं एकाखाली एक वाचली की दिसतात. म्हणून शब्दकोशात अर्थ वाचून पान मिटू नका, उदाहरणं वाचा.

आणि शब्दकोश शक्यतो शिकणाऱ्यांसाठी बनवलेला वापरा. हा प्रकार वेगळा असतो. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे सहकारी यांनी १९४२ मध्ये तिथे असा कोश काढला, आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो आपल्या नावानं छापला. आजच्या ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीचं मूळ ते. लाँगमन या प्रकाशनसंस्थेनं १९७८ मधल्या आपल्या कोशात सगळे अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांतच सांगायचं बंधन घालून घेतलं. सिंक्लेअर यांच्या चमूचा कोबिल्ड कोश १९८७ मध्ये आला, त्यात अर्थ पूर्ण वाक्यात दिलेला असतो, त्यामुळे शब्द कसा वापरायचा हे अर्थ वाचतानाच कळून जातं. नाम मोजता येतं की नाही, क्रियापदाला कर्म लागतं का, शब्द औपचारिक आहे की नापसंती दाखवणारा, अशा खुणा या कोशांत प्रत्येक नोंदीजवळ असतात. बहुतेकांची नजर त्यांच्यावरून घसरून जाते. मी म्हणेन, अर्थाइतकंच लक्ष त्या खुणांकडे द्या.

समानार्थी शब्दांचा सापळा इथेच लागतो. पीटर मार्क रोजे या डॉक्टरनं १८५२ मध्ये आपला थिसॉरस छापला तो कल्पनेनुसार शब्दांचे गट लावून, म्हणजे ओठावर आलेला पण आठवत नसलेला शब्द सापडावा म्हणून. एका गटातले सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, असा त्याचा अर्थ नव्हे. 'थिन'च्या गटात 'स्लिम', 'स्किनी', 'गाँट', 'इमेसिएटेड' सगळे शेजारी बसतात. पण सडपातळ, हडकुळा आणि खंगलेला यांत जेवढं अंतर, तेवढंच यांतही. एखाद्याला 'स्लिम' म्हणणं कौतुक आहे, 'स्किनी' म्हणणं टोचणारं, आणि 'गाँट' म्हटलं तर आजार किंवा हाल डोळ्यांसमोर येतात. थिसॉरसमधून तोच शब्द उचला जो तुम्हाला आधीपासून माहीत होता पण वेळेवर आठवला नाही. तिथे पहिल्यांदा भेटलेला शब्द तसाच वाक्यात बसवू नका.

याच कारणासाठी छोट्या शब्दाच्या जागी मोठा शब्द बसवणं म्हणजे प्रगती नव्हे. इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द असण्यामागे इतिहास आहे. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानं इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच झाली, लोकांच्या घरात जुनी इंग्रजी राहिली, आणि विद्वान मंडळींनी लॅटिनमधून शब्द आणणं चालू ठेवलं. म्हणून 'आस्क' घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला आणि 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. तसेच 'राइझ', 'माउंट' आणि 'असेंड'. घरचा शब्द जवळचा वाटतो, लॅटिन शब्द लांबचा आणि औपचारिक. आपण शेजारचे आजोबा वारले म्हणतो आणि बातमीत निधन झालं असं वाचतो, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. 'यूज'च्या जागी दरवेळी 'युटिलाइझ' आणि 'स्टार्ट'च्या जागी 'कमेन्स' लिहिणाऱ्याचं इंग्रजी भारदस्त होत नाही, परकं होतं.

धातू आणि उपसर्ग

नवे शब्द ओळखण्यासाठी लॅटिन-ग्रीक धातू शिकावेत असं सांगितलं जातं, आणि मराठी वाचकाला हे काम इतरांपेक्षा सोपं जावं, कारण आपल्या भाषेतले तत्सम शब्द याच पद्धतीनं घडलेले आहेत. संस्कृतात 'ईक्ष्' म्हणजे पाहणं. त्याला उपसर्ग लागून परीक्षा, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण असे शब्द झाले. लॅटिनमध्ये पाहण्याचा धातू 'स्पेक'. त्यातून 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत डोकावून पाहणं, 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे पुढे पाहणं, 'रेट्रोस्पेक्ट' म्हणजे मागे वळून, 'इंट्रोस्पेक्शन' म्हणजे स्वतःच्या आत, 'सस्पेक्ट' म्हणजे खालून, चोरून पाहणं. 'एक्स्पेक्ट'मध्येही हाच धातू लपला आहे, बाहेर नजर लावून बसणं. अपेक्षा आणि 'एक्स्पेक्ट' या दोघांच्याही पोटात पाहणंच असावं, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. 'डेंटल' आणि दंत, 'मॅटर्नल' आणि मातृ, 'ऑक्टागॉन' आणि अष्ट हे तर सरळ नात्यातलेच. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं, हे ब्रिटिश भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं.

पण धातू अर्थाची दिशा सांगतो, मुक्काम सांगत नाही. लॅटिन 'सर्कम' म्हणजे 'परि', सभोवार. म्हणजे 'सर्कम्स्पेक्ट' या शब्दाची घडण थेट 'परि' अधिक 'ईक्ष्' अशी. त्याचा अर्थ मात्र परीक्षेशी संबंधित नाही. चारही बाजू पाहून पाऊल टाकणारा, सावध, असा आहे. 'इग्रीजस' म्हणजे मुळात कळपातून उठून दिसणारा. एके काळी ते कौतुक होतं, आज त्याचा अर्थ धडधडीत वाईट असा होतो. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे बिनमोलाचा नव्हे, अनमोल. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे मुळात रस नसलेला नव्हे, स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा निःपक्षपाती. तेव्हा धातूवरून अंदाज बांधा, आणि तो शब्दकोशात पडताळा. धातूंचा खरा उपयोग अर्थ ओळखण्यापेक्षा लक्षात ठेवण्यासाठी जास्त होतो. सुटा शब्द निसटतो, कुळासकट शिकलेला टिकतो.

शब्द टिकतो कसा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळानं किती विसरलं ते मोजायचं. १८८५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग पाठ केल्यानंतर लगेचच सगळ्यात जास्त असतो आणि पुढे मंदावत जातो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी अनेक दिवसांत विभागली तर कमी कष्टांत जास्त टिकतं. एकाच रविवारी शंभर शब्द का टिकत नाहीत याचं उत्तर त्यात आहे.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानं तेच मागे पडतात. पुढे जातात ते पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केलेले. म्हणजे वहीतली यादी वरून खाली वाचत जाणं ही अभ्यासाची सर्वांत आरामदायी आणि सर्वांत कुचकामी पद्धत. शब्द डोळ्यांना ओळखीचा वाटतो, आपल्याला वाटतं येतो. अर्थ झाकून आठवायला गेलं की खरं काय ते कळतं, आणि आठवताना जी ओढाताण होते तिनंच तो पक्का होतो.

या दोन गोष्टी जोडल्या की कार्डांची पद्धत तयार होते: कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात ती कप्पे असलेल्या खोक्याच्या रूपात लोकप्रिय केली. कार्ड बरोबर आठवलं तर पुढच्या कप्प्यात जातं आणि जास्त दिवसांनी समोर येतं. चुकलं तर पहिल्या कप्प्यात परत. २००६ मध्ये आलेलं अँकी हे सॉफ्टवेअर हाच हिशेब आपोआप करतं.

कार्डावर काय लिहायचं हा मात्र आपला प्रश्न. एका बाजूला 'इन्कर' आणि दुसऱ्या बाजूला 'ओढवून घेणे' असं कार्ड केलं तर फक्त पहिली पायरी पक्की होते. त्याऐवजी वाचताना ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य लिहा आणि शब्दाची जागा रिकामी ठेवा: 'द कंपनी ... हेवी लॉसेस लास्ट इयर', आणि कोपऱ्यात मराठीत 'ओढवून घेतले'. आता उत्तर देताना अर्थ, भूतकाळी रूप आणि 'लॉसेस'ची सोबत तिन्ही एकदम आठवावं लागतं. कार्ड बनवायला जास्त वेळ लागतो हे खरं, पण म्हणूनच दिवसाला चार-पाचच शब्द घ्या. पाच धरले तरी वर्षाला अठराशे होतात. वीस घेतले तर पंधरवड्यातच उजळणीचा डोंगर उभा राहतो आणि सगळं बंद पडतं.

एक सूचना थोडी विचित्र वाटेल. 'अले', 'अलीव्हिएट', 'असवेज' असे जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी शिकू नका. असे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांत मिसळतात आणि सुटे शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, असं प्रयोगांतून दिसलं आहे. विषयवार याद्या देणारी पुस्तकं नेमकं उलटं करतात. आधी एक शब्द पक्का करा, काही आठवड्यांनी दुसरा येऊ द्या, आणि दोन्ही स्थिरावले की मग शेजारी ठेवून फरक पाहा. वर मी ते एकत्र दिले ते फरक दाखवण्यासाठी, पाठ करण्यासाठी नव्हे.

कार्डांनी शब्द धरून ठेवता येतो, पण त्याचे रंग वाचनातच कळतात. इथे गणित थोडं आडवं येतं. मधल्या पट्ट्यातला एखादा शब्द लाखभर शब्दांत एकदा भेटत असेल तर एका जाडजूड कादंबरीत तो एकदाच येणार. दहा वेळा भेटायचा तर दहा कादंबऱ्या झाल्या, आणि तोवर पहिली भेट विसरलेली. यावर चांगला उपाय म्हणजे काही काळ एकाच विषयावर वाचणं. महिनाभर न्यायालयाच्या बातम्या वाचा. 'अपहोल्ड', 'ओव्हरटर्न', 'डिसमिस', 'प्ली', 'व्हर्डिक्ट' हे शब्द आठवड्यात अनेकदा समोर येतील, आणि निकाल 'अपहोल्ड' होतो, अपील 'डिसमिस' होतं, जामीन 'ग्रँट' होतो ही संगतसुद्धा आपोआप बसेल. पुढच्या महिन्यात हवामान घ्या, मग आरोग्य, मग खेळ. आज हे उद्या ते असं वाचत राहिलं तर प्रत्येक शब्द पाहुण्यासारखा येतो आणि निघून जातो.

वाचनासोबत ऐकणंही हवं, कारण इंग्रजी स्पेलिंग फसवतं. 'इपिटमी'ला कित्येक वाचक मनात 'एपिटोम' म्हणत राहतात, 'हायपर्बली'ला 'हायपरबोल', आणि 'अराय'ला 'ऑरी'. मग तोच शब्द कुणाच्या तोंडून ऐकू आला तर ओळखूच येत नाही. नवा शब्द वहीत उतरवतानाच शब्दकोशातलं ध्वनिचिन्ह दाबून ऐकायचं, एवढं पुरतं.

ओळखीचा शब्द लेखणीत आणणं

समजणारे शब्द आणि वापरता येणारे शब्द यांत प्रत्येकाच्याच बाबतीत मोठं अंतर असतं, मातृभाषेतसुद्धा. ते पूर्ण मिटवायची गरज नाही. 'ऑब्स्ट्रेपरस' वाचून कळला तर बस आहे. पण 'रिलक्टंट', 'फीझिबल', 'टेंटेटिव्ह', 'अंडरमाइन', 'प्लॉजिबल' हे शब्द बोलताना-लिहिताना हाताशी यायलाच हवेत, आणि ते नुसत्या वाचनानं येत नाहीत.

यासाठी मला माहीत असलेला सर्वांत चांगला सराव अमेरिकी लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांचा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणाऱ्या या मुलाच्या हाती लंडनच्या 'स्पेक्टेटर' नियतकालिकाचा एक खंड लागला. त्यातलं लिखाण त्याला इतकं आवडलं की त्यानं ते अंगी बाणवायचं ठरवलं. एकेक निबंध घेऊन तो प्रत्येक वाक्यातल्या विचाराची छोटी टिपणं काढायचा, काही दिवस ती बाजूला ठेवायचा, आणि मग पुस्तक न बघता त्या टिपणांवरून सगळा निबंध आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा. नंतर मूळ लेखाशी ताडून पाहायचा. आपल्याकडे शब्दांचा साठा अपुरा आहे आणि असलेले शब्द वेळेवर आठवत नाहीत, हे त्याला त्यातून कळलं. मग त्यानं काही गोष्टी पद्यात उतरवायला घेतल्या, कारण मात्रा आणि यमक जुळवताना त्याच अर्थाचे वेगवेगळे शब्द शोधणं भाग पडतं. आणि काही काळानं ते पद्य पुन्हा गद्यात.

पद्याचा भाग सोडला तरी चालेल, पहिला भाग मात्र जसाच्या तसा करण्यासारखा आहे. दीडशे-दोनशे शब्दांचा एखादा चांगला उतारा घ्या, आणि टिपणं मराठीत काढा. मराठी टिपण असलं की इंग्रजी शब्द नकलून घ्यायची सोय राहत नाही, तो आठवावाच लागतो. दोन-तीन दिवसांनी त्यावरून इंग्रजी उतारा लिहा आणि मूळ उताऱ्याशेजारी ठेवा. तुम्ही 'द न्यू रूल मेड द कोर्ट वीक' लिहिलं असेल आणि मुळात 'द न्यू रूल अंडरमाइन्ड द कोर्ट' असेल, तर 'अंडरमाइन' हा शब्द तुम्हाला माहीत असूनही हाताशी नव्हता, हे तिथल्या तिथे दिसतं. असे दोन किंवा तीनच शब्द त्या उताऱ्यातून उचला, त्यांची रिकाम्या जागेची कार्डं करा, आणि त्या आठवड्यात एखाद्या खऱ्या मेलमध्ये किंवा बोलण्यात ते वापरायची संधी शोधा. शब्द ओढूनताणून बसवल्यासारखा वाटला तर तो काढून टाका आणि साधाच ठेवा. काही आठवड्यांनी तेच टिपण पुन्हा घेऊन लिहिलं, तर कोणते शब्द आता न शोधता आले ते स्वतःलाच मोजता येतं.